चार फूट दोन इंच

आमच्या व्हिडिओ गेमच्या रिमोटची वायर चार फूट दोन इंच आहे. परवा आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधला टेप काढून मी ती मोजली. टीव्ही होता शोकेसमध्ये, बसल्यावर मान वर करावी लागेल इतक्या उंचीवर. गेमचा डबा शोकेसच्या पायाशी ठेवला तर खेळणाऱ्यानं काचेला नाक लावून बसायचं. डबा पुढं ओढला तर टीव्हीच्या मागची पिवळी पिन निसटायची, कारण तीही वायर आखूडच. मग शोकेसवरचे पितळी मोर आणि घड्याळ खाली उतरवायचे, टीव्ही अर्धा फिरवायचा आणि मागच्या धुळीत बोटानं चाचपत भोक शोधायचं. पिवळी चुकून पांढऱ्याच्या जागी गेली की नुसता घर्र आवाज आणि पडदा काळा.

त्यात मारिओनं उडी मारली की खेळणाऱ्याचे हातही वर जातात. लहान मोठा, कुणीही असो, जातातच. हात वर गेले की वायर ताणायची, वायर ताणली की डबा ओढला जायचा, डबा हलला की कॅसेट हलायची आणि पडद्यावर चौकोन-आकड्यांची खिचडी व्हायची. पाचव्या वर्ल्डपर्यंत नेलेला खेळ तिथंच संपला. प्रत्येक रिमोटला दोन फूट वायर जास्त दिली असती तर हे टळलं असतं.

हे आज लिहायचं कारण असं, की माझ्या वयाचे लोक त्या डब्याचं नाव निघालं की हळवे होतात. काय दिवस होते, म्हणतात. दिवस चांगलेच होते, पण डबा चांगला होता का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की आतला खेळ फार उत्तम होता आणि तो आमच्यापर्यंत पोचवणारा डबा फार वाईट होता. या दोघांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

1 मे 1999 ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याच वर्षी दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावरच्या प्रदर्शनात मामांनी मला हा डबा घेऊन दिला. साडेसहाशे रुपये. सोबत दोन रिमोट, एक बंदूक, एक अ‍ॅडॅप्टर, एक कॅसेट. कळमनुरीच्या एसटीत मी खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि वर हात कुणाला ठेवू दिला नव्हता. त्या साडेसहाशात मामांची किती दिवसांची मजुरी होती, हे मला पुढं कळलं. म्हणून या तक्रारी मी मनापासून करतो.

तो डबा ज्याची नक्कल होता, ते यंत्र म्हणजे निन्टेंडोचं फॅमिकॉम. 15 जुलै 1983 ला ते जपानात 14,800 येनला विक्रीला आलं. मासायुकी उएमुरा या अभियंत्यानं ते घडवलं. आत 8 बिटचा प्रोसेसर आणि कामाची मेमरी अवघी 2 किलोबाइट. तेवढ्यावर त्या लोकांनी जे केलं ते पाहून मी आजही थक्क होतो. मारिओचा 1985 चा सबंध खेळ 40 किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आठ वर्ल्ड, प्रत्येकात चार स्टेज, पाण्याखालची जागा, किल्ले, संगीत, सगळं त्यात. जागा वाचवण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र वापरलं आहे, फक्त रंग वेगळा. हे मला कळलं तेव्हा माझ्या आजीची आठवण झाली. जुन्या लुगड्याची ती गोधडी करायची आणि गोधडी विरली की तिचंच पायपुसणं. कमी असताना जे नीट पुरवून वापरतात, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

कॅसेट घातली, बटण सरकवलं की खेळ हजर. थांबा म्हणणं नाही, अपडेट नाही, कुणाची परवानगी नाही. दोन रिमोट असल्यामुळं भावंडांत भांडण कमी. टँकच्या खेळात तर दोघांनी मिळून एक गरुड राखायचा असतो. त्यात स्वतःचा नकाशा बांधायची सोय होती. विटा कुठं, लोखंड कुठं, पाणी कुठं, हे आपण ठरवायचं. माझी मावसबहीण वसमतहून उन्हाळ्यात यायची. तिनं त्या पडद्यावर विटांनी शाळा बांधली होती आणि तिच्यावर कुणाला गोळी झाडू द्यायची नाही. लाईट गेली की शाळाही जायची. दुसऱ्या दिवशी ती परत बांधायची.

नक्कल केली याबद्दल माझी तक्रार नाही. अस्सल यंत्र आमच्या गावात कधी आलंच नसतं. तक्रार अशी की नक्कल करताना जिथं चार आणे वाचतील तिथं ते वाचवले. डबा उघडला तर आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा थेंब दिसतो. सगळं यंत्र त्या थेंबाखाली. बाकी डबा रिकामा. एवढ्या रिकाम्या डब्यात वायर गुंडाळून ठेवायला जागा नव्हती, असं कुणी म्हणू शकणार नाही.

रिमोटच्या बटणाखाली एक रबर असतं आणि त्या रबराला काळी टिकली. ती टिकली वर्षभरात झिजली. उडीचं बटण आधी झिजतं, कारण उडी सगळ्यात जास्त मारावी लागते. मग अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचं. आम्ही स्क्रू काढून टिकलीच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद डिंकानं चिकटवायचो. चार दिवस चालायचं. वडील सिगारेट ओढत नसल्यामुळं तो कागद पानटपरीवर मागावा लागायचा, आणि तिथं दिसलो की घरी बोलणी बसायची.

कॅसेटवर तर ढळढळीत खोटं छापलेलं होतं. आमच्या पहिल्या कॅसेटवर खेळांचा आकडा म्हणून सात वेळा नऊ होते. मी वहीत लिहून मोजायला बसलो. यादीत मारिओ पुन्हा पुन्हा यायचा, नाव वेगळं आणि सुरुवातीची स्टेज वेगळी. बदकं मारायचा खेळ तसाच. सगळं गाळून झाल्यावर खरे खेळ सात निघाले. सात खेळ साडेसहाशे रुपयांत काही वाईट नव्हते. सात लिहिलं असतं तरी मामांनी घेऊन दिलंच असतं. दहा वर्षांच्या लेकराचा छापील अक्षरावरचा विश्वास पहिल्यांदा उडाला, हे मला आजही बोचतं.

कॅसेट लागत नसली की फुंकर मारायची, हे सगळ्यांना पाठ. ते चूक होतं. फुंकरीनं तोंडातली ओल कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांना लागते आणि पुढं त्या काळवंडतात. लागायची ती काढून पुन्हा घातल्यामुळं. खोडरबरानं पट्ट्या हलक्या हातानं घासल्या की काम होतं. आमच्याकडं काळ्या रानाची धूळ. मार्च-एप्रिलात हळद शिजवून वाळत घातली की वाऱ्यासोबत तिची पिवळी पूड घरभर. कॅसेटच्या भोकाला नुसतं एक झाकण हवं होतं.

मूळ यंत्राचेही दोष सांगतो. पडद्याच्या एका आडव्या रेघेत ते आठच हलती चित्रं दाखवू शकतं. नववं आलं की एखादं गायब होतं, म्हणून ती आळीपाळीनं लुकलुकवायची युक्ती खेळ लिहिणारे करायचे. कॉन्ट्रा या खेळात गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात त्या यामुळं. न दिसलेल्या गोळीनं मरणं वाईट, पण 1983 च्या यंत्राला ते मी माफ करतो. चालीचं मात्र मला जिव्हारी लागलं आहे. जपानी टीव्ही सेकंदाला 60 चित्रं दाखवायचा, आपला पॅल पद्धतीचा 50. साठच्या मापानं लिहिलेला खेळ पन्नासच्या डब्यात चालवला की खेळ आणि संगीत दोन्ही मंदावतात. कोजी कोंडो यांनी बांधलेली मारिओची चाल मी सगळं बालपण संथ ऐकली. मोबाइलवर मूळ चाल लागली तेव्हा वाटलं, कुणीतरी ती पळवली आहे.

बंदुकीचं थोडक्यात. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. हे जुन्या काचेच्या टीव्हीवरच जमतं. घरात भिंतीवरचा पातळ टीव्ही आला त्या दिवसापासून ती बंदूक मुकी झाली.

आणि लाईट. रब्बीत गव्हाला पाणी द्यायची वेळ झाली की शिवारातल्या मोटारी सुरू व्हायच्या आणि घरातलं व्होल्टेज बसायचं. अ‍ॅडॅप्टर 9 व्होल्टचा, पण समोरून कमी आलं की तोही कमीच देणार. चित्र आडवं लहरायचं, मग खेळ गोठायचा. भारनियमनाच्या वर्षांत निदान वेळापत्रक तरी होतं. मारिओत खेळ जपून ठेवायची सोयच नाही. लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. हे मी वर्षानुवर्षं सोसलं, कारण त्याला इलाजच नव्हता.

दुसरं दुःख शेवटचं लाईफ संपण्याचं. सहाव्या वर्ल्डमध्ये मेलो की पुन्हा पहिली स्टेज, तोच पहिला मशरूम, तेच पहिलं कासव. शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत तेच ते. आता या वयात मला कळलं, की मारिओत खेळ संपल्यावर पहिल्या पडद्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं, की ज्या वर्ल्डमध्ये मेलो त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून सुरुवात होते. ही सोय पहिल्यापासून खेळात होती. खेळ बनवणाऱ्यांनी लेकरांचा विचार केला होता. आमच्या खोक्यात मात्र हातभर चिनी मजकुराचं एक चिठोरं होतं, त्यात टीव्हीचं चित्र आणि बाण. या दोन बटणांचा उल्लेख त्यात नव्हता. एक ओळ छापायला काय लागलं असतं?

दिवाळीला मी माळ्यावरून डबा काढला. काचेचा टीव्ही काकूंच्या घरी अजून चालतो, तिथं नेऊन जोडला. पुतण्या सहाव्या वर्ल्डमध्ये गेला आणि मेला. त्याला म्हटलं, थांब, ए सोडू नको, आता स्टार्ट दाब. सहावं वर्ल्ड लागलं. त्यानं मान वळवून पाहिलं, "काका, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?" मी नाही म्हटलं.

मग वहीचं पान फाडून त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: अ‍ॅडॅप्टर 9 व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह. कॅसेटला फुंकर मारू नये, खोडरबर वापरावा. मारिओ: खेळ संपल्यावर ए धरून स्टार्ट. खरे खेळ सात. कागद डब्याच्या बुडाला चिकटपट्टीनं लावला. वायरींना जोड द्यायला दोन्ही रिमोट हिंगोलीला टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं दिले आहेत. तो म्हणाला, आत पाच तारा आहेत, रंगाला रंग जुळवून डाग द्यावा लागेल, बाजाराच्या दिवशी या. प्रत्येकी तीन फूट वाढवायला सांगितलं आहे.