समोरासमोर गाठ पडल्यास उमेदवाराने काय करावे

बंदुकीच्या गेममध्ये एकट्याची एकट्याशी गाठ पडली की ज्याचे बोट चपळ तो जिंकतो, अशी एक भाबडी समजूत आहे. माउस विकणाऱ्या कंपन्यांनी ती मोठ्या मायेने जपली आहे. वस्तुस्थिती अशी की, डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत धडधाकट माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मुरलेल्या खेळाडूला थोडा कमी. ‘काउंटर-स्ट्राइक’मधल्या एके-४७ची एक गोळी डोक्यात बसली, की हेल्मेट घातलेला गडीही जागच्या जागी आडवा होतो. बोटांतला फरक इतका किरकोळ असल्यामुळे बहुतेक चकमकींचा निकाल बोट हलण्याआधीच लागलेला असतो. तो आपल्या बाजूने कसा लावून घ्यावा, याचे मार्गदर्शन होतकरू उमेदवारांच्या सोयीसाठी पुढे दिले आहे.

पहिली तयारी स्वयंपाकघराशी संबंधित आहे. मॅच पाऊण तास चालू शकते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. ही गोष्ट आजवर एकाही मराठी आईला पटलेली नाही. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या मानांकनाच्या मॅचमधून उठून गेले, की पहिल्या वेळी ३० मिनिटे, मग २ तास, मग २४ तास आणि मग थेट ७ दिवस खेळायला बंदी होते. घरातल्या बंदीची मुदत वेगळी. सबब उमेदवाराने जेवून बसावे.

दुसरी तयारी सबबींची. हरल्यावर शोधत बसण्यापेक्षा त्या आधीच हाताशी असाव्यात. यांत पिंगची, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची, सबब एके काळी फार मातबर होती, कारण ‘व्हॅलोरंट’ हा बंदुकीचाच दुसरा गेम २०२०च्या जूनमध्ये आला तेव्हा भारतातल्या पोरांना सिंगापूरच्या सर्व्हरवर जाऊन मरावे लागे. त्याच वर्षी मुंबईत सर्व्हर आले आणि ठाणे-पुण्याकडच्या उमेदवारांचे फार नुकसान झाले. आता त्यांना वायफायवर किंवा धाकट्या बहिणीच्या व्हिडिओ कॉलवर भागवावे लागते.

एवढे झाल्यावर मुख्य विषय. नवशिका उमेदवार ओळखायचा तो चालण्यावरून. तो जमिनीकडे बघत चालतो, जणू काही पडलेले सापडणार आहे. शत्रू दिसला की आधी दचकतो, मग नेम वर उचलतो, आणि तो उचलत असतानाच पडद्यावर त्याच्या मरणाची बातमी येते. यावर उपाय एकच, आणि तो फुकट आहे: क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, कायम डोक्याच्या उंचीवर ठेवणे. गेममध्ये बुटका-उंच हा भेद नाही. उभ्या माणसाचे डोके सपाट जमिनीवर सगळीकडे सारख्याच उंचीवर असते. त्यामुळे भिंतीवरची एखादी रेघ, खोक्याची कड, दाराची बिजागरी अशा खुणा धरून डोके कुठे येणार हे आधीच ठरवता येते. शत्रूने मग स्वतः चालत नेमात यावे, आणि उमेदवाराने फक्त बटण दाबावे. चढ-उतारावर मात्र हा हिशेब बदलतो. जिन्यावर मेलेले उमेदवार या मुद्द्यावर साक्ष देतील.

कोपऱ्याचेही शास्त्र आहे. भिंतीला चिकटून उभे राहिले की सुरक्षित वाटते, पण चिकटलेल्याचा खांदा लांबून येणाऱ्याला आधी दिसतो. त्याचा स्वतःचा डोळा त्या खांद्याच्या मागे असतो. कोपऱ्यापासून दोन पावले दूर उभा असलेला गडी बहुधा आधी बघतो आणि आधी मारतो. भूमितीत पस्तीस मार्क मिळवून सुटलेल्यांना हे रोज रात्री नव्याने शिकवले जाते.

आता दबा धरण्याविषयी. चौथीच्या इतिहासात आपण सगळेच शिकलो, की सह्याद्रीत जो आडोशाला थांबतो तो जिंकतो आणि जो बेसावध चालत येतो तो मरतो. ‘व्हॅलोरंट’मध्ये २०२३च्या जानेवारीत ‘लोटस’ नावाचा मॅप आला. तो गेमच्या कथेत पश्चिम घाटातच आहे: पडके अवशेष, फिरते दरवाजे, आणि दरवाजा फिरला की सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज. मराठी उमेदवार तिथे स्वाभाविक आत्मविश्वासाने आडोशाला बसतो आणि स्वाभाविकपणे मरतो. दोष इंटरनेटचा. कोपऱ्यातून बाहेर पडणारा स्वतःच्या पडद्यावर तत्क्षणी बाहेर पडतो. ही बातमी आधी सर्व्हरकडे जाते आणि तिथून दबा धरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर येते. त्या प्रवासाच्या मिलिसेकंदांत आलेल्या पाहुण्याने बसलेल्याला बघून घेतलेले असते. हे अंतर कमी करण्यासाठी ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतात. तरीही ते शून्य होत नाही, कारण केबलमधून जाणाऱ्या सिग्नललाही वेळ लागतोच. तेव्हा बसायचेच असेल तर क्रॉसहेअर भिंतीच्या कडेला घासून न धरता थोडी मोकळी जागा सोडून धरावे, आणि एकदा गोळी झाडली की जागा बदलावी. एकाच आडोशावर दुसऱ्यांदा जीव टाकणे हा गनिमी कावा नव्हे.

सर्वांत अवघड धडा थांबण्याचा आहे. पळता पळता झाडलेल्या गोळ्या शत्रू सोडून सगळीकडे जातात, आणि ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये बटण सोडल्यावरही माणूस किंचित घसरत राहतो. म्हणून डाव्या हाताची कसरत लागते. अनामिका ‘ए’वर, मधले बोट ‘डब्ल्यू’वर, तर्जनी ‘डी’वर. उजवीकडे जात असताना तर्जनी उचलायची, त्याच क्षणी अनामिकेने ‘ए’ला निसटता स्पर्श करायचा. पाय जागच्या जागी थिजतात, आणि नेमक्या त्याच वेळी उजव्या हाताने गोळी सोडायची. अनामिका क्षणभर जास्त रेंगाळली तर माणूस उलट दिशेला चालू लागतो. लवकर उठली तर घसरत राहतो. तबला शिकलेल्यांना हे लवकर जमते, असे कुणी अजून सिद्ध केलेले नाही, पण क्लासवाल्यांनी जाहिरातीत घालायला हरकत नाही. ही कसरत स्वतःच करणारे कीबोर्ड मध्यंतरी बाजारात आले होते. २०२४च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या सर्व्हरवर अशा आपोआप हालचालींना मनाई केली. किंमत मोजून अनामिका विकत घेतलेल्यांचा त्या आठवड्यातला शोक अनावर होता.

गोळ्यांचा मारा चालू ठेवावा का? एके-४७ सेकंदाला दहा गोळ्या सोडते, मॅगझिन तीन सेकंदांत रिकामे होते, आणि नळी आधी वर, मग बाजूंना पळते. माउस खाली ओढत राहावे. लांबच्या शत्रूवर दोन-तीन गोळ्या सोडून थांबावे. याहून जास्त तत्त्वज्ञान त्यात नाही.

उडी मारून गोळी झाडू नये, हा नियम प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. २०१६ साली अमेरिकेतल्या कोलंबसला झालेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’च्या मेजर नावाच्या मोठ्या स्पर्धेत ‘मिराज’ मॅपवर समोरचा लिक्विड संघ विजयाच्या दाराशी उभा होता. त्या वेळी ‘कोल्डझेरा’ या टोपणनावाने खेळणाऱ्या ब्राझीलच्या खेळाडूने हा नियम मोडला. एडब्ल्यूपी रायफल घेऊन उडी मारून त्याने दोघांना टिपले, त्या राउंडमध्ये एकूण चौघांना. त्याच्या संघाने ती मॅच फिरवली आणि पुढे स्पर्धाही जिंकली. कंपनीने त्या जागी भिंतीवर चित्र काढून प्रसंग अजरामर केला. तेव्हापासून जगभरचे उमेदवार त्या चित्राखाली उड्या मारतात आणि मरतात.

एक आडमार्ग टाळावा. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाच्या एका खेळाडूच्या कॉम्प्युटरपाशी मॅच चालू असताना अधिकारी येऊन उभे राहिले. नेम आपोआप शत्रूकडे ओढणारा प्रोग्राम त्याने ‘वर्ड डॉट एक्सई’ या नावाने ठेवला होता. भर स्पर्धेत अर्ज टाइप करायला कोण बसतो, ही शंका कुणालाही यावी. संघ बाद झाला, ऑप्टिकने भारतातला गाशाच गुंडाळला, आणि खेळाडूवर पाच वर्षांची बंदी आली. भारतातल्या प्रामाणिक खेळाडूंना त्यानंतर बराच काळ परदेशी चॅटवर वर्डचे विनोद ऐकावे लागले. या प्रकरणातला न हसण्यासारखा भाग तो.

सगळे नीट करूनही नेम चुकतो, हे उमेदवाराने मनाला लावून घेऊ नये. ७ नोव्हेंबर २०२१ला स्टॉकहोममध्ये मेजरची अंतिम लढत होती. बोस्नियाचा निकोला कोवाच, म्हणजे ‘निको’, हा जगातल्या उत्तमोत्तम नेमबाजांपैकी एक. ‘न्यूक’ मॅपवर निर्णायक वेळी डेझर्ट ईगलची सोपी वाटणारी गोळी त्याच्याकडून हुकली. मॅप अतिरिक्त राउंडमध्ये गेला, समोरच्या नावी संघाने तो २२-१९ असा घेतला आणि विजेतेपदही. लाखो लोक ते थेट बघत होते. उमेदवाराचा चुकलेला नेम फार तर चार भिडू बघतात, आणि त्यांतला एक फोनवर असतो.

आता व्यावसायिक खेळाडू बाहेर फारसे बोलत नाहीत ती गोष्ट. ते एकास एक अशी बरोबरीची चकमक शक्यतो होऊच देत नाहीत. एक जण आत शिरतो, दुसरा त्याच्या पाठीला लागून असतो. पहिला मेला की मारणारा अजून त्याच दिशेला बघत असतो, आणि दुसरा त्याला उडवतो. त्याआधी डोळे दिपवणारा फ्लॅश बॉम्ब फेकलेला असतो. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये एके-४७ २७०० डॉलरला मिळते, फ्लॅश २०० डॉलरला. आंधळ्या शत्रूपुढे जेमतेम नेमही पुरतो. नवशिक्याने म्हणूनच पहिल्या महिन्यात नेमापेक्षा फ्लॅश फेकायचा सराव जास्त करावा, फेकताना स्वतः तोंड फिरवावे, आणि तो आपल्याच भिडूच्या डोळ्यांवर फुटला तर चॅटवर ताबडतोब माफी मागावी. पुढच्या राउंडला पाठीशी उभा राहायला तोच भिडू लागणार आहे.