मुंबई–नागपूर अंतर मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

अंतर मोजायला शिकायचं तर नागपूरच गाठावं. तिथे ब्रिटिशांच्या सर्वेक्षणाच्या काळातला झीरो माइलचा खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत. हैदराबाद, रायपूर, जबलपूर किती मैल, ते तिथे कोरलेलं आहे. मुंबई शोधत बसू नये. ती आपण मोजायची आहे.

सरळ रेषेत मुंबई ते नागपूर भरतं सुमारे 680 किलोमीटर. रेल्वेनं हेच 837 होतं, कारण रेल्वेला भुसावळ, अकोला, बडनेरा अशा सगळ्यांची विचारपूस करत जायचं असतं. विमानाला कुणाचीच ओळख नसते. तिकिटावर लिहिलेलं असतं, दीड तास.

हा दीड तास नीट समजून घ्यावा. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे इथे काढल्यापासून तिथे पुन्हा लावेपर्यंतचा तो हिशेब असतो. प्रत्यक्ष हवेत असतो आपण तासाभराच्या आसपास. बाकी वेळ जमिनीवर. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि विमानं टँकरपुढच्या हंड्यांसारखी इंच-इंच सरकतात. खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं मोजावीत, वेळ जातो. हिवाळ्यात वरचे पश्चिमी वारे नागपूरकडे ढकलतात, चार मिनिटं वाचतात. परतीच्या प्रवासात ती व्याजासकट द्यावी लागतात.

आता अवघड भाग: डोंबिवलीतलं घर ते सहार विमानतळ. अंतर तीसेक किलोमीटर. सकाळी आठच्या फास्टमध्ये बॅगेसह चढणं हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. बॅग डोक्यावर धरावी आणि ‘एअरपोर्टला जायचंय’ असं चुकूनही बोलू नये. डब्यात सहानुभूती मिळत नाही, सल्ले मिळतात. घाटकोपरला उतरता आलं तर मेट्रो, मग एअरपोर्ट रोड स्टेशन, मग रिक्षा. घरून दोन तास धरावेत. विमानतळावर आणखी दोन, कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि सुरक्षा तपासणीत पट्टा काढून पँट सावरत उभं राहायलाही वेळ लागतो.

सूत्र असं: दोन अधिक दोन अधिक दीड, अधिक बॅगेचा पट्टा, अधिक नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मावशीचं घर. बेरीज साडेसहा तास. तीस किलोमीटरला दोन तास आणि 680 ला दीड, हे गणित शाळकरी पोरांना दाखवू नये.

मावसभावाचा फोन घ्यायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. तो मोबाइलवर विमान बघत बसलेला असतो. ‘‘अबे, समृद्धीनं आला असता तर आठ तासांत घरी! आमणे तुमच्या डोंबिवलीच्या बाजूलाच तर आहे ना बे!’’ आमणे ते नागपूर हा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि 2025च्या जूनपासून पूर्ण सुरू आहे, हे दोन्ही खरं. म्हणून तर बोलता येत नाही.

घरी पोचल्यावर मावशी पाण्याचा तांब्या पुढे करते. ‘‘किती वेळ लागला रे बाळा?’’

‘‘दीड तास,’’ म्हणावं आणि पाणी प्यावं.