हौशी टर्नर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या बंगल्यात मोटार उन्हात आणि लेथ गॅरेजच्या सावलीत दिसला, की समजावं, इथं हौशी टर्नर राहतो. बहुधा बँकेतून नाहीतर कॉलेजातून निवृत्त झालेला. लेथ टेबलावर मावणारा, पण जिन्यावरून चढवायचा म्हटला तर दोघांच्या कमरा धरतील असा. तो घेतला कशाला, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: घरात बारीकसारीक कामं निघतात, दर वेळी मेस्त्रीच्या विनवण्या कोण करणार? हे उत्तर पुराव्यापुढे टिकत नाही. शिवाजी उद्यमनगर राजारामपुरीपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि ऑइल इंजिनाचे सुटे भाग करण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या ते तुमचं बुश चहा गार व्हायच्या आत हातावर ठेवतात. शिवाय घरच्या लेथवर होतं काय ते पाहा. आधी टूलखाली सारायच्या पट्ट्या, मग डाय धरायचा होल्डर, मग टेलस्टॉकला लावायचं काहीतरी. वर्षभर लेथ स्वतःचीच सेवा करून घेतो आणि न्हाणीघरातला नळ गळत राहतो. तेव्हा या माणसाला वस्तू नकोच असते. त्याला हवा असतो मेस्त्रीशी बरोबरीनं बोलण्याचा हक्क.

पुरावा त्याच्या पावलांचा. लेथ नव्हता तेव्हा तो उद्यमनगरात कधीमधी जायचा, आता आठवड्यातून दोनदा जातो. पूर्वी त्याला ‘बसा सायेब’ म्हणून खुर्ची मिळे आणि काम संपलं की निरोप. आता तो रुमालात गुंडाळलेला तुकडा काढतो. तोंड मारताना बरोबर मध्यावर एक टेंगूळ राहिलेलं असतं. मेस्त्री ते अंगठ्यानं चाचपतो आणि म्हणतो, “टूल खाली बसलंय तुमचं. सेंटरला घ्या की.” या एका वाक्यासाठी त्यानं प्रॉव्हिडंट फंडाला हात घातलेला असतो. पुढच्या खेपेला तक्रार वेगळी: २० मिलिमीटरचा दांडा १९ करायचा होता, डायलवर १ मिलिमीटर मोजून घेतला, तर झाला १८. टूल त्रिज्येत जेवढं आत जातं त्याच्या दुप्पट व्यास उतरतो, आणि कित्येक लेथवरचा डायल आकडा दाखवतो तो त्रिज्येचा. जन्मभर चक्रवाढ व्याज काढलेल्या माणसाला हे दुपटीचं गणित एक दांडा वाया घालवून समजतं, आणि वाया गेल्याचं त्याला काडीचं दुःख नसतं. तेवढाच बोलायला विषय.

यावर हौशी टर्नर स्वतः आक्षेप घेईल. बाबूराव पेंटरांचं नाव तो घेतोच. मूकपटासाठी लागणारा कॅमेरा बाबूरावांनी १९१८ च्या सुमारास याच गावात घडवला, दामल्यांना हाताशी घेऊन. मग घरातल्या लेथला हसता कशाला? हसत नाही, पण दाखला उलटा आहे. बाबूरावांना चित्रपट काढायचा होता म्हणून कॅमेरा लागला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आमच्या गृहस्थांकडे यंत्र आधी आलं, आता ते काम शोधताहेत. त्यांची खरी बिरादरी रशियाच्या पीटर बादशहाची. त्यानं राजवाड्यात लेथ मांडले होते आणि नार्तोव्ह नावाचा कसबी माणूस शेजारी ठेवला होता. बादशहाला काय कमी होतं? नार्तोव्हशी चार शब्द कामाचे बोलता यावेत, ही हौस.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे, आणि तो घरातूनच येतो. गप्पाच मारायच्या तर गप्पा मारायला जावं, पायमोज्यात लोखंडाचा कीस कशाला आणावा? पण नुसत्या गप्पांना उद्यमनगरात कुणाला वेळ नसतो. तिथं स्वच्छ हातांचा माणूस गिऱ्हाईकच राहतो, मग तो कितीही शिकलेला असो. बोटाच्या पेरावर कीस घुसल्याची खूण दिसली, की स्टूल पुढे सरकतं आणि दुसरा चहा सांगितला जातो. म्हणून तर बिट घासून घ्यायला तो अजूनही तिकडेच जातो. घरी नवाकोरा ग्राइंडर आहे, पण तेवढं मेस्त्रीला कळता कामा नये.