बंडखोरांचे सोवळे

'बॅड रिलिजन' हा पंक बँड १९८० साली लॉस एंजेलिसच्या शाळकरी पोरांनी काढला, तो कर्मठांना झोडपायला. त्याचे जुने चाहते मात्र असे सोवळे पाळतात की कर्मठांनीच तोंडात बोटे घालावीत.

'सफर' (१९८८), 'नो कंट्रोल' (१९८९) आणि 'अगेन्स्ट द ग्रेन' (१९९०) ही त्यांची वेदत्रयी. 'नो कंट्रोल' अर्ध्या तासाच्या आत आटोपतो. त्यावरचा वाद पहाटेपर्यंत आटोपत नाही. पुढचे सगळे भ्रष्ट. सूर बदलला तर विकले गेले, नाही बदलला तर तेच ते दळण. १९९४ मध्ये 'स्ट्रेंजर दॅन फिक्शन' अटलांटिकसारख्या बड्या कंपनीने काढला, तेव्हा तर सुतकच.

खरी गंमत १९८३ च्या 'इन्टू द अननोन'ची. या पंकवाल्यांनी चक्क सिंथेसायझर आणला, गाणी ऐसपैस लांबवली. लोकांनी पाठ फिरवली, बँडनेही हात झटकले. मग अल्बम दुर्मिळ झाला आणि दुर्मिळ झाला म्हणून मौल्यवान! तेव्हा नाक मुरडणारा चाहता आता ती तबकडी प्लास्टिकच्या वेष्टनात जपतो. पाहुण्यांना दाखवतो; लावत नाही.

दरम्यान गायक ग्रेग ग्राफिनने कॉर्नेल विद्यापीठातून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. अभ्यास उत्क्रांतीचा. नेमकी तीच गोष्ट त्याच्या चाहत्यांना मान्य नाही.

माझे विचाराल, तर 'सफर'नंतर काही राम उरला नाही. २००२ चा 'द प्रोसेस ऑफ बिलीफ' आवडणाऱ्यांशी मी बोलत नाही.