शोकाकुल : समस्त मित्रमंडळ

प्रत्येकाचं पुण्यस्मरण त्याच्या आयुष्याला साजेसं असावं, अशी टूम मोठ्या शहरांत निघालीय म्हणे. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आम्हाला त्याचं काय नवल! फक्त आयुष्य कुणाचं, एवढंच आमच्याकडे फ्लेक्सवाला ठरवतो. वर पुढारी, खाली हात जोडलेले नगरसेवकपदाचे इच्छुक, उरलेल्या जागेत दिवंगत अण्णा. तेही मतदान ओळखपत्रावरच्या चेहऱ्यानं, मागे उसना हिमालय.

दहावा गंगाखेडला गंगेवर, मग तेरवीची पंगत, वर्षश्राद्धाला कीर्तन. महाराज अण्णांच्या वारीवर तासभर बोलतात. अण्णा जन्मात पंढरपूरला गेले नव्हते. ते पत्ते उत्तम पिसत आणि मोंढ्यातला कापसाचा भाव तोंडपाठ सांगत. पण हे महाराजांना सांगणार कोण? पंगतीत बुंदी. अण्णांना गोड वर्ज्य होतं. (ते चोरून खायचे, तेव्हा एवढं एक मात्र नेमकं जमलं.)

माणसाला शोभेल अशी आठवण याच गावात ठेवलेली आहे. सरकारी कारकुनी करत कविता-कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ ७ सप्टेंबर १९५३ रोजी गेले. त्यांच्या नावानं परभणीत सभागृह आहे, आणि सप्टेंबरात त्यांच्या स्मृतीचा महोत्सव भरतो तो साहित्याचा.

तेव्हा अण्णांच्या पोरांनो, यंदा फ्लेक्सचे पैसे एखाद्या वाचनालयाला द्या. उरलेच तर पत्त्यांचा नवा जोड आणा आणि पारावर डाव मांडा. पुढारी आले तर त्यांनाही पानं वाटा. पिसायला मात्र देऊ नका.