क्षुद्रनौकामीमांसा

मोठ्या जहाजांवर मोठ्या विद्वानांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. आरमारं, मोसमी वारे, होकायंत्र, व्यापारी मार्ग यांनी ग्रंथालयांची कपाटं भरली आहेत. पण चार हौशी माणसं शनिवारी सकाळी एका लहान होडीत चढतात तेव्हा कोणी कुठे बसायचं, वल्हं चुकलं की कोणाकडे बघायचं आणि खाऊचा डबा कोणाच्या पायाशी ठेवायचा, या प्रश्नांना शास्त्राने अजून हात लावलेला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा ग्रंथ. खरं तर लेखच आहे, पण विषय इतका किरकोळ आहे की त्याला ग्रंथाचा आधार हवा.

अभ्यासाचं क्षेत्र स्कॉटलंडचा किनारा. तिथे या जातीच्या होड्या आणि या जातीची माणसं, दोन्ही मुबलक मिळतात. हे सगळं सुरू झालं २००९ साली. फाइफमधल्या अँस्ट्रदर गावी मासेमारीचं एक संग्रहालय आहे, स्कॉटिश फिशरीज म्युझियम. त्याने एका वल्ह्याच्या होडीचा आराखडा करवून घेतला. आराखडा इयन ऑट्रेड यांचा; मूळचे ऑस्ट्रेलियाचे, स्काय बेटावर स्थायिक झालेले. नमुना फेअर आइल बेटावरच्या जुन्या होडीचा, आणि नाव संग्रहालयाच्या जागी पूर्वी असलेल्या चॅपलवरून, सेंट आइल्स स्किफ. फाइफच्या किनाऱ्यावर एके काळी कोळसाखाणीतले कामगार सुट्टीच्या दिवशी वल्ह्यांच्या शर्यती लावायचे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते बंद पडलं होतं, ते पुन्हा सुरू व्हावं असा हेतू. युक्ती अशी की होडी विकत घ्यायचीच नाही. यंत्राने कापलेल्या प्लायवूडच्या पट्ट्यांचा संच आणायचा आणि गावाने मिळून, कोणाच्या तरी गोठ्यात नाहीतर गॅरेजमध्ये, हिवाळाभर चिकटवत बसायचं. ज्यांनी आयुष्यात साधी फळी ठोकली नव्हती त्यांनी होड्या उभ्या केल्या. २०१३ मध्ये उलापूलला लॉक ब्रूमच्या पाण्यावर या होड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. 'जागतिक' या शब्दाचं ओझं उलापूलकरांनी फार हसतमुखाने पेललं.

आता वर्गीकरण. धारच्या राजा भोजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' नावाचा ग्रंथ आहे. त्यात सामान्य नौकांचे दहा प्रकार मापांसकट दिले आहेत, आणि त्यांतला पहिला, सगळ्यांत लहान प्रकार म्हणजे 'क्षुद्रा'. लांबी सोळा हात, रुंदी चार हात. हात दीड फुटाचा धरला तर २४ फूट आणि ६ फूट. सेंट आइल्स स्किफ २२ फूट लांब आणि ५ फूट ८ इंच रुंद. राजा भोज अँस्ट्रदरला गेले नव्हते आणि ऑट्रेड यांनी धारला मुक्काम केल्याची नोंद नाही, तरी एवढी मापं जुळावीत? उंचीवर मात्र गाडं अडतं. क्षुद्रेची उंचीही चार हात सांगितली आहे, आणि आमच्या होडीत उभं राहिलं तर काठ जेमतेम गुडघ्याला लागतो. पण शास्त्रात एका मापाची तडजोड चालते. शिवाय समुद्रावर जाणारी नौका लोखंडाने जोडू नये, समुद्रातले चुंबक ती ओढून घेतात, असा भोजाचा इशारा आहे. स्किफच्या पट्ट्या खिळे न मारता इपॉक्सीने एकमेकींवर चिकटवलेल्या असतात. चुंबकांचा प्रश्न मिटला.

याच ग्रंथात भीमा, भया आणि गर्भरा या जातींच्या नौका अशुभ म्हटल्या आहेत. क्षुद्रेबद्दल वाईट शब्द नाही. तिच्यातल्या माणसांबद्दल भोज गप्प आहे.

ज्ञानमीमांसेकडे वळू. होडीत चार जण वल्ही मारतात, प्रत्येकाकडे एकच वल्हं, दोघांचं डावीकडे, दोघांचं उजवीकडे. पाचवा माणूस सुकाणूवर, तो कॉक्स. वल्हवणाऱ्यांचं तोंड मागे आणि पाठ पुढे. म्हणजे जो राबतो त्याला आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, आणि ज्याला दिसतं तो राबत नाही. ही व्यवस्था वाचकांना ओळखीची वाटेल, पण राजकारण हा या ग्रंथाचा विषय नव्हे.

नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत. त्यांतलं प्रत्यक्ष प्रमाण होडीत फक्त कॉक्सच्या मालकीचं. बाकीच्यांच्या वाट्याला शब्दप्रमाण येतं, म्हणजे कॉक्स सांगेल ते. अडचण अशी की कॉक्सचा शब्द नेहमी एकच असतो: "मस्त चाललंय!" बोया दोन हातांवर आला तरी मस्त चाललंय आणि लाट नाळेवरून आत आली तरी मस्तच. त्यामुळे जुने खलाशी शब्द बाजूला ठेवून अनुमानाचा आधार घेतात. धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखावा तसं कॉक्सच्या चेहऱ्यावरून समुद्र ओळखायचा. आमच्या कॉक्सबाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे व्याप्ती पक्की बसली आहे. भुवया वर गेल्या की पुढे बोया. ओठ आवळले की मोटरबोट. चष्मा पुसायला घेतला की वारा फिरलाय. आणि बाईंनी अचानक "तुझी आई कशी आहे आता?" असं विचारलं, तर मुकाट्याने वल्हं घट्ट धरावं. राहिलं उपमान. ते तिसऱ्या वल्ह्यावरच्या गृहस्थांकडे असतं. हे मागच्या जूनसारखंच झालं, असं ते प्रत्येक प्रसंगी म्हणतात.

वसंतात पूर्वेकडून वारा सुटला की उत्तर समुद्राच्या गार पाण्यावरून दाट धुकं किनाऱ्यावर सरकत येतं. तिकडे त्याला 'हार' म्हणतात. हार येणार असेल तर शहाणी मंडळी पाण्यात उतरतच नाहीत. पण एखादी होडी धक्क्याजवळच त्यात सापडली, तर कॉक्सही बाकीच्यांइतकाच आंधळा होतो आणि तेवढा वेळ होडीत समता नांदते.

यानंतर दोषविचार, जो या शास्त्राचा गाभा आहे. पातं पाण्यात तिरकं शिरलं की पाणी ते खाली ओढून घेतं, मूठ उलटी येऊन पोटात बसते आणि होडी जागच्या जागी गचका खाते. याला तिथे 'खेकडा धरणं' म्हणतात. रत्नागिरीत खेकडा धरला तर रात्री रस्सा होतो. इथे नुसती माफी मागावी लागते. माफीची रीत ठरलेली आहे. ज्याने खेकडा धरला तो "सॉरी" म्हणतो. त्याच्यापाठोपाठ, ज्याचा काही संबंध नाही तोही "सॉरी, माझंच" म्हणतो. मग तिसरा म्हणतो, लाट होती. चौथा काहीच म्हणत नाही आणि सगळे त्याच्यावर संशय घेतात.

पण दोष नेमका कोणाचा हे जागेवरून ठरतं. नाळेपाशी बसलेला एक नंबरचा माणूस बाकी तिघांच्या पाठी बघत असतो. कोणाचं वल्हं उशिरा पडलं, कोणाचं उथळ गेलं, कोणी मध्येच नाक पुसलं, सगळं त्याला दिसतं. चार नंबरचा, ज्याला स्ट्रोक म्हणतात, तो कॉक्ससमोर बसतो आणि ताल धरतो. त्याला वल्हवणाऱ्यांतला एकही माणूस दिसत नाही. म्हणून एक नंबरच्या मनात नेहमी तक्रार असते आणि चार नंबरच्या मनात नेहमी शांती. जागा बदलून बघा, स्वभावही बदलतात. शांत माणसाला नाळेपाशी बसवलं की तो अर्ध्या तासात परीक्षक होतो. मधले दोघे, दोन आणि तीन, ताकदीचे समजले जातात. त्यांना इंजिन म्हटलं की ते खूश असतात आणि दोषाच्या चर्चेत भाग घेत नाहीत, निदान मोठ्याने तरी नाही.

अंकगणिताबद्दल थोडक्यात. शर्यतीच्या शेवटी कॉक्स ओरडते, "शेवटची दहा!" माणसं जीव खाऊन वल्हवतात. आठ, नऊ, दहा होतात आणि रेषा अजून पुढेच असते. "वा! आता आणखी पाच, सुंदर!" या पाचांनंतर मोजणं थांबतं आणि नुसतं "हं! हं!" उरतं. तरी पुढच्या शनिवारी 'शेवटची दहा' ऐकलं की तीच माणसं तितक्याच श्रद्धेने उठतात. चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेल्यांच्या शर्यती वेगळ्या होतात, पण दहाचा अर्थ कोणत्याच वयोगटाला कळलेला दिसत नाही.

आता केक. पूर्वपक्ष असा की माणसं आरोग्यासाठी, निसर्गासाठी, गावाच्या एकोप्यासाठी वल्हवतात. क्लबची पत्रकंही हेच सांगतात. पण हा पक्ष टिकत नाही. आरोग्यच हवं तर ते कोरड्या जागीही मिळतं. इथल्या समुद्राचं पाणी ऐन ऑगस्टमध्येही १४ अंशांच्या आसपास असतं, त्यात गुडघाभर उभं राहून होडी ट्रॉलीवर चढवण्याला आरोग्य म्हणणारा वैद्य कोणत्याही पॅथीत सापडायचा नाही. सिद्धांत असा की केकसाठी वल्हवतात. होडी वर ओढली, गोड्या पाण्याने धुतली, ताडपत्री बांधली की डबे उघडतात. त्या वेळी बोटं वल्ह्याच्या मुठीच्या आकारात अडकलेली असतात, ती सरळ होत नाहीत आणि पूर्ण मिटतही नाहीत. लिंबाच्या केकचा तुकडा मग अंगठा आणि तळहाताच्या मध्ये पकडावा लागतो, वरचा साखरेचा पापुद्रा मनगटावर सांडतो आणि तो चाटताना खाऱ्या पाण्याचीही चव येते. हा केक हॉटेलात बसून खाल्ला तर तसा लागत नाही. प्रयोग करून पाहिला आहे.

मराठी खाद्यपदार्थांची समुद्रयोग्यता हा आजवर अस्पर्श राहिलेला विषय, म्हणून थोडा विस्तार करतो. चिवडा बाद. उत्तर समुद्राच्या वाऱ्यात पोहे उडून जातात आणि शेंगदाणे तेवढे उरतात, तेही सीगल बघून ठेवतात. शंकरपाळी चालतात, पण चहात बुडवेपर्यंत चहा गार होतो. चकली लोकप्रिय आहे. तिचं कोडं उलगडताना माणसं वाऱ्याबद्दल बोलायचं विसरतात. सर्व कसोट्यांना उतरतो तो बेसनाचा लाडू. गोल, जड, न उडणारा, आणि न मिटणाऱ्या मुठीतही नेमका बसणारा. भोजाने नौकेला जशी मापं दिली तशी लाडवालाही द्यायला हवी होती.

शिडाचं प्रकरण वेगळं आहे. शीड लावलं की वारा काम करतो आणि माणसांना एकमेकांच्या वागणुकीवर विचार करायला वेळ मिळतो. यासाठी अभ्यासकाने कॅलेडोनियन कालव्यावर जावं. थॉमस टेलफर्ड यांचा हा कालवा १८२२ मध्ये खुला झाला. लांबी ६० मैल, त्यातला बराचसा भाग लॉक लॉकी, लॉक ऑइक आणि लॉक नेस या नैसर्गिक सरोवरांचा. 'सेल कॅलेडोनिया' नावाच्या आठवडाभराच्या सफरीत शीड आणि वल्ही असलेल्या छोट्या होड्या फोर्ट विल्यमच्या बाजूने इनव्हरनेसकडे निघतात. नैर्ऋत्येचा वारा बहुतेक वेळा पाठीशी असतो, ही त्यातली अक्कल. लॉक नेसच्या राक्षसाबद्दल इथे काही सांगणार नाही. त्याच्यावर साहित्य खूप आहे.

खरा विषय आहे जलद्वारांचा. कालव्यावर ती २९ आहेत. बॅनवीला आठ एकापाठोपाठ एक, नेपच्यूनचा जिना म्हणतात त्याला, आणि पलीकडे फोर्ट ऑगस्टसला पाच. कोठीत होडी शिरते, दार बंद होतं, पाणी भरतं किंवा ओसरतं, आणि एका माणसाच्या हातात दोरी असते. चढताना होडी वर येते तशी दोरी आवळत जायचं, उतरताना सैल सोडत. उतरताना कोणी ती खुंटीला घट्ट बांधून सँडविच खायला बसला, तर पाणी खाली जातं आणि होडी भिंतीला टांगली जाते. म्हणून हातात दोरी असलेल्या माणसाने दुसरं काहीही करू नये. हे सोपं वाटतं. पण दीड तास काहीही न करता महत्त्वाचं दिसणं फार थोड्यांना जमतं. ज्यांना जमतं ते बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असतात, असं माझं निरीक्षण आहे. त्यांचा मी आदर करतो. ते दोरीकडे बघत नाहीत, पाण्याकडे बघत नाहीत, समोरच्या दगडी भिंतीकडे बघतात, आणि दोरी बरोबर हवी तेवढीच सैल असते.

ज्यांना हे शास्त्र प्रत्यक्ष शिकायचं असेल त्यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, असा क्लब असलेल्या एखाद्या गावात शनिवारी सकाळी धक्क्यावर जाऊन उभं राहावं. कोणीतरी आजारी असतं, कोणाचा तरी नातू आलेला असतो, आणि एक वल्हं रिकामं निघतं. अनुभव नसला तरी घेतात. लाइफजॅकेट त्यांच्याकडे असतं. डबा तेवढा आपला न्यावा, आणि एक नंबरची जागा देऊ केली तर नको म्हणावं.