निसर्गवाटेची सुधारित नियमावली

विंचूरजवळच नांदूरमध्यमेश्वर आहे. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळची ही पाणथळ १९८६ साली अभयारण्य झाली आणि २०२० मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. मात्र तिथे फिरायला जायचे तर चालावे लागते, ही गंभीर त्रुटी सुजाण पर्यटकांनी वेळीच ओळखली, याबद्दल त्यांचे अभिनंदन.

गाडी थेट निरीक्षण मनोऱ्याच्या पायथ्याशी नेणे ही उत्तम प्रथा आहे. पोहोचताच हॉर्न वाजवावा. पक्ष्यांना पाहुणे आल्याची वर्दी मिळते आणि ते एकाच वेळी उडून दाखवतात. मग थांबण्यात वेळ जात नाही. स्पीकरवर गाणी लावल्यास किलबिलाटाला ठेकाही मिळतो. वेफर्सची रिकामी पाकिटे काठावर सोडावीत, म्हणजे पुढच्यांना वाट सापडते.

आता पुढचे पाऊल, अर्थातच गाडीतून. इथल्या धरणात वर्षानुवर्षे साचलेल्या गाळामुळे उथळ पाणी आणि दलदल तयार झाली. म्हणजे भराव निसर्गाने फुकट टाकून दिला आहे. फक्त डांबर घालायचे बाकी आहे. प्रशस्त वाहनतळ होईल. चक्रवाक हिमालय ओलांडून येतात. त्यांना आणखी थोडे पुढे जाणे जड नाही.

आरोग्याची चिंता नको. वाहनतळाशेजारी वातानुकूलित दालनात ट्रेडमिल बसवता येतील. समोरच्या पडद्यावर नांदूरमध्यमेश्वर दिसेल, पक्ष्यांसह.